न्यूयॉर्कच्या दारी आफ्रिकेचा ढोल

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात एक साधी रीत आहे. पाहुणा दाराशी आला म्हणजे एकदम आत शिरत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो हाक देतो, "आगो!" आतून यजमानाचे उत्तर येते, "आमे!" मग पाहुणा आत पाऊल टाकतो. आपल्या खेड्यापाड्यांतून नाही का, "आहे का कोणी घरात?" असे विचारतात आणि माजघरातून "या, या!" असा आवाज येतो? त्यातलाच हा प्रकार.

आता मौज पाहा. हीच हाक दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील एका जुन्या, भव्य नाट्यगृहात घुमते. पायघोळ नक्षीदार झगा घातलेला सूत्रधार रंगमंचावर येतो, हात उंचावून "आगो!" म्हणतो आणि समोर बसलेले सुमारे २,००० प्रेक्षक एका आवाजात "आमे!" म्हणून उत्तर देतात. त्यांत काठी टेकीत आलेल्या आजीबाई असतात, कडेवरची पोरे असतात, कचेरीत खर्डेघाशी करणारे असतात आणि बँकेचे साहेबही असतात. त्यांतल्या पुष्कळांनी घाना तर राहोच, आफ्रिकेचा किनारासुद्धा कधी पाहिलेला नसतो.

मग प्रश्न असा पडतो की, या घरात पाहुणा कोण आणि यजमान कोण? वरवर साधा दिसणारा हा प्रश्न न्यूयॉर्कातल्या आफ्रिकी कलेच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. आफ्रिकेची माणसे, त्यांचे मुखवटे, त्यांचे नाच या शहराने फार पूर्वीपासून पाहिले. पण दुसऱ्याने आपल्याला पाहणे वेगळे आणि आपण होऊन दार उघडून चार माणसांना घरात घेणे वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत यायला किती काळ लागला आणि कोणाकोणाचे आयुष्य त्यात खर्ची पडले, हे पाहण्याजोगे आहे.

पिंजऱ्यातला माणूस

या कथेचे पहिले पान सुखाचे नाही. १९०६ सालच्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील प्राणिसंग्रहालयात लोकांची झुंबड उडाली. माकडांच्या घरात ओरांगउटानच्या शेजारी एक जिवंत माणूस प्रदर्शनासाठी ठेवला होता. ओटा बेंगा हे त्याचे नाव. काँगोच्या अरण्यातला हा ठेंगणा तरुण. त्याला पाहून लोक हसत, त्याच्या मागे लागत, चिडवीत. शहरातले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक संतापले, त्यांनी मोठा निषेध केला आणि तेव्हा कुठे हे प्रदर्शन बंद झाले. ओटा बेंगाला मात्र मायदेशी परतता आले नाही. १९१६ साली त्याने स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने या प्रकाराबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२० साली. म्हणजे ११४ वर्षांनी!

ज्या शहरात आज आफ्रिकी नर्तकांची तिकिटे काढण्यासाठी रांगा लागतात, त्याच शहरातली ही गोष्ट. ती ध्यानात ठेवल्याशिवाय पुढच्या नाचगाण्यांचा खरा अर्थ लागायचा नाही.

मातीखालची माणसे

त्याही मागे जायचे तर जमिनीखाली जावे लागते. १९९१ साली मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे, ब्रॉडवे रस्त्यालगत, ३४ मजल्यांच्या एका सरकारी इमारतीचा पाया खणण्याचे काम चालले होते. खणता खणता माणसांची हाडे लागू लागली. पाहता पाहता ४१९ जणांचे अवशेष निघाले. त्यांत लहान मुलांचे प्रमाण फार मोठे होते. इतिहासकारांनी जुने नकाशे काढून दाखवले की, ही सतराव्या-अठराव्या शतकांतली आफ्रिकी लोकांची दफनभूमी आहे आणि इथे सुमारे १५,००० माणसे पुरलेली असावीत.

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहतो. परंतु या शहराच्या पहिल्या भिंती आणि रस्ते बांधण्यात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे हात होते, हे फारसे कोणी सांगत नाही. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी पूर्णपणे संपली ती १८२७ साली. गुलामांना गावातल्या चर्चच्या आवारात जागा नव्हती, म्हणून वेशीबाहेरची ही जमीन. रात्री अंत्यविधी करायचे नाहीत, बारांहून अधिक माणसे जमवायची नाहीत, असे कायदे होते. रडायलासुद्धा मोजून माणसे!

तरीही एका स्त्रीच्या कमरेभोवती शंभराहून अधिक मण्यांची आणि कवड्यांची माळ सापडली. कमरेला मणी बांधण्याची ही रीत आफ्रिकेतली. मालकाने नाव बदलले, भाषा तोडली, धर्म बदलला. पण कोणा मायबहिणीने तिला मातीत ठेवताना कंबरेची माळ काढली नाही. २००३ साली हे सर्व अवशेष घाना देशातल्या कारागिरांनी कोरलेल्या लाकडी पेट्यांत ठेवून, मिरवणुकीने, पुन्हा त्याच जागी विसावले. २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

ढोलाचे भय

गुलामांच्या मालकांना आणखी एका वस्तूची फार धास्ती असे. ती म्हणजे ढोल. नायजेरियातल्या योरुबा भाषेत सुरांच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. डमरूच्या आकाराचा एक ढोल काखेत धरून, त्याच्या दोऱ्या दाबून, वादक तेच चढउतार असे हुबेहूब काढतो की, ढोल चक्क बोलतो. माणसाचे नाव घेतो, त्याच्या कुळाची थोरवी गातो, निरोप पोचवतो. १७३९ साली दक्षिण कॅरोलायना प्रांतात गुलामांनी बंड केले ते ढोल बडवीत, लोकांना गोळा करीत. दुसऱ्याच वर्षी त्या प्रांताच्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायची बंदी केली.

हात बांधता येतात, पण ताल कुठे बांधता येतो? ढोल गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मांडीवर थाप दिली, पायाने जमीन ठोकली. पुढे अमेरिकेत जॅझ जन्मले, नाना तऱ्हेचे नाच जन्मले, त्यांच्या मुळाशी हा अंगात मुरलेला ताल आहे. पण ज्या ढोलापासून ताल आला, तो ढोल पुन्हा न्यूयॉर्कच्या रंगमंचावर यायला विसावे शतक उजाडावे लागले.

चेटकिणीची कथा

१९२९ साली सिएरा लिओनचा आसादाता डाफोरा हा कलावंत न्यूयॉर्कला आला. गायक म्हणून नाव काढावे, ही त्याची मनीषा. ती फळाला येईना. तेव्हा त्याने एक निराळाच घाट घातला. न्यूयॉर्कात राहणारे आफ्रिकी आणि तिथलेच कृष्णवर्णीय तरुण यांना जमवून त्याने एक नृत्यनाट्य बसवले. 'कायकुंकोर' हे त्याचे नाव. लग्न ठरलेल्या तरुणावर कोणीतरी चेटकिणीकरवी मूठ मारते, तो मरणाच्या दारी जातो, वैदू मंत्रतंत्राने त्याला वाचवतो आणि ढोलांच्या गजरात लग्न लागते, अशी कथा. आपल्याकडील लोकनाट्याला शोभावी अशीच!

१९३४ सालच्या मे महिन्यात एका लहानशा जागेत पहिले प्रयोग झाले. सुरुवातीस प्रेक्षक तुरळक. मग एका मोठ्या वर्तमानपत्राच्या नृत्यसमीक्षकाने मनापासून स्तुती लिहिली आणि गर्दी एवढी लोटली की, नाटक मोठ्या थिएटरात न्यावे लागले. हे यश तिकिटविक्रीपुरतेच नव्हते. तोवर अमेरिकेच्या रंगभूमीवर आफ्रिकी माणूस म्हणजे पिसे लावून उड्या मारणारा रानटी, एवढेच पात्र असे. डाफोराने दाखवले की, या नाचाला व्याकरण आहे, कथा आहे, शिक्षण आहे. आफ्रिकेचा नाच आफ्रिकी माणसाने, स्वतःच्या अटींवर, मांडला.

१९४३ सालच्या डिसेंबरात तर कार्नेगी हॉलमध्ये आफ्रिकी नृत्याचा महोत्सव झाला आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट स्वतः हजर राहिल्या. त्या रात्री नाचणाऱ्यांत पर्ल प्रायमस ही तरुणीही होती. त्रिनिदाद बेटावर जन्मलेली आणि लहानपणीच न्यूयॉर्कला आलेली ही मुलगी १९४८ साली शिष्यवृत्ती मिळवून खुद्द आफ्रिकेत गेली आणि खेडोपाडी हिंडून नाच शिकली. नायजेरियात लोकांनी तिला 'ओमोवाले' असे नाव दिले. त्याचा अर्थ, 'लेकरू घरी परतले'.

सिंह कुठे दिसतात?

१९५० साली बाबाटुंडे ओलाटुंजी नावाचा नायजेरियन विद्यार्थी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला. मनात इरादा मुत्सद्दी होण्याचा. त्यासाठी पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात राज्यकारभाराचा अभ्यासही त्याने केला. पण कॉलेजातले सोबती विचारीत, "तुमच्याकडे रस्त्यावरून सिंह फिरतात काय?" हसावे की रडावे, कळेना. पुस्तकी उत्तरे देऊन तो कंटाळला आणि शेवटी ढोल घेऊन बसला. गावाकडच्या गाण्यांवर सोबत्यांना नाचवू लागला. भाषणाने जे पटत नाही ते ढोलाने पटते, हे त्याला लवकरच उमगले.

१९५८ साली रेडिओ सिटी म्युझिक हॉल या प्रचंड नाट्यगृहात त्याचे ढोल वाजले. १९६० साली त्याची 'ड्रम्स ऑफ पॅशन' ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि आफ्रिकी ढोल अमेरिकेच्या घराघरांतल्या दिवाणखान्यात पोचला. जॅझचे दादा लोक त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. मिळकतीतून आणि मित्रांच्या मदतीने त्याने हार्लेममधल्या १२५ व्या रस्त्यावर एक संस्कृती-केंद्र काढले. शेजारपाजारच्या मुलांना माफक फीमध्ये ढोल, नाच आणि आफ्रिकेतल्या भाषा शिकवायच्या, हा हेतू. मदत करणाऱ्यांत सॅक्सोफोनचा जादूगार जॉन कोल्ट्रेन होता. २३ एप्रिल १९६७ रोजी त्याने या केंद्रात वादन केले. तेव्हा त्याला दुर्धर आजाराने ग्रासले होते आणि जुलै महिन्यात, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो गेला. ते केंद्र पुढे बंद पडले, पण तिथे ढोल शिकलेली मुले शहरभर पसरली होती.

परतीचे दार बंद

याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतून मिरियम मकेबा आली. १९५९ साली 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या छोट्या जॅझगृहात ती गाऊ लागली आणि न्यूयॉर्क वेडे झाले. तिच्या खोसा भाषेत जीभ टाळूला लावून टक् टक् असे आवाज काढावे लागतात. ते ऐकून श्रोते थक्क होत. त्यांना ती करामत वाटे. तिला ती आईची बोली.

१९६० साली तिची आई वारली. ती घरी जायला निघाली तेव्हा कळले की, तिचा पासपोर्ट सरकारने रद्द केला आहे. आईचे शेवटचे दर्शनसुद्धा झाले नाही. १९६३ साली न्यूयॉर्कातच संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे उभी राहून तिने आपल्या देशातल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध साक्ष दिली. त्याची शिक्षा म्हणून तिचे नागरिकत्व गेले. पुढे १९६८ साली तिने एका जहाल कृष्णवर्णीय पुढाऱ्याशी विवाह केला, तेव्हा अमेरिकेतलेही तिचे कार्यक्रम एकामागून एक रद्द झाले आणि तिला गिनी देशाचा आसरा घ्यावा लागला. मायदेशी पाऊल टाकले ते १९९० साली, तब्बल ३१ वर्षांनी! गाणे सर्वांना हवे होते. गाणाऱ्या बाईचे दुःख मात्र कोणालाच नको होते.

तिच्याच देशातल्या सोवेटोच्या शाळकरी मुलांनी १९७६ साली केलेल्या उठावावरचे 'साराफिना' हे संगीत नाटक १९८८ साली ब्रॉडवेवर आले. त्यातली बहुतेक नटमंडळी दक्षिण आफ्रिकेची तरुण मुलेमुलीच होती आणि त्याचे जवळजवळ ६०० प्रयोग झाले. १९९७ साली सुरू झालेले 'द लायन किंग' तर आपल्याकडच्याही मुलांना ऐकून माहीत आहे. पडदा उघडताच घुमणारी त्यातली पहिली आरोळी झुलू भाषेतली आहे आणि ती रचणारा लेबो एम हा सोवेटोचा.

बाबा चक यांचा उत्सव

आता पुन्हा ब्रुकलिनला येऊ. 'आगो, आमे' या हाकेची रीत तिथे पाडली ती चक डेव्हिस या माणसाने. १९३७ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेला हा धिप्पाड, हसतमुख नर्तक ओलाटुंजीच्या पथकात नाचलेला. १९६८ साली त्याने स्वतःचे पथक काढले ते ब्राँक्समध्ये, म्हणजे ओटा बेंगाला जिथे पिंजऱ्यात दाखवले त्याच भागात. १९७७ साली ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेच्या रंगमंचावर त्याने आफ्रिकेतल्या गावाचा देखावा उभारून नृत्याचा उत्सव केला. तोच 'डान्सआफ्रिका'. आज तो अमेरिकेतल्या आफ्रिकी नृत्याच्या सर्वांत मोठ्या उत्सवांत गणला जातो.

या उत्सवाची मांडणी एखाद्या घरच्या कार्यासारखी आहे. आरंभी पांढऱ्या वस्त्रांतली वडीलधारी मंडळी रंगमंचावर येतात. पूर्वजांचे स्मरण होते, वर्षभरात निवर्तलेल्यांची आठवण काढतात, भूमीवर पाणी सोडून त्यांना तर्पण होते. थोरांची परवानगी मिळाल्यावरच नाचाला सुरुवात. मग आफ्रिकेतल्या एखाद्या देशाहून पाहुणे आलेले पथक आपली कला सादर करते. त्यांच्या जोडीला ब्रुकलिनच्याच बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तीतली मुलेमुली नाचतात, त्यासाठी ती कित्येक महिने शनिवार-रविवारची सुटी विसरून तालमी करतात. २०१९ साली पाहुणे रवांडाचे होते. त्या देशातल्या भीषण नरसंहाराला त्या वर्षी २५ वर्षे झाली होती. २०२३ साली घानाचा मान होता.

नाट्यगृहाबाहेर रस्त्यावर मोठा बाजार भरतो. रंगीत कापडाचे ताके, कवड्यांच्या माळा, शिया नावाच्या झाडाच्या बियांचे लोणी, विणलेल्या टोपल्या, तळलेल्या केळ्यांचा खमंग वास. मधूनच उखळाच्या घडणीचा जेम्बे हा ढोल कोणीतरी मांडीत घेऊन हातांनी वाजवीत बसलेला असतो. जत्रा म्हणा, हळदीकुंकू म्हणा, गणेशोत्सव म्हणा. या सर्वांचा थोडाथोडा अंश त्यात आहे.

चक डेव्हिसला सगळे 'बाबा चक' म्हणत. आफ्रिकेतही 'बाबा' म्हणजे वडीलच! मे २०१७ मध्ये, उत्सवाच्या चाळिसाव्या वर्षी, पडदा उघडायला अवघे काही दिवस उरले असताना ते वारले. त्याआधीच त्यांनी आपली काठी अब्देल सलाम या नृत्यदिग्दर्शकाच्या हाती सोपवली होती. उत्सव थांबला नाही. त्या वर्षी तर्पण झाले ते प्रत्यक्ष बाबांना.

बागेच्या अल्याड, पल्याड

नाचगाण्यांची ही कथा. तर मूर्तींची आणि मुखवट्यांचीही कथा तशीच. न्यूयॉर्कच्या मधोमध सेंट्रल पार्क ही विस्तीर्ण बाग आहे. तिच्या पश्चिमेला निसर्ग-इतिहासाचे संग्रहालय आणि पूर्वेला मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय. पूर्वी आफ्रिकेच्या वस्तू पाहायच्या तर पश्चिमेकडे जावे लागे, पेंढा भरलेल्या हत्तींच्या आणि गोरिलांच्या शेजारी. ग्रीक पुतळे आणि युरोपची चित्रे मात्र पूर्वेकडे. एक बाजू 'कला', दुसरी 'नमुने'!

ही भिंत हळूहळू ढासळली. १९२३ साली ब्रुकलिनच्या संग्रहालयाने आफ्रिकी वस्तू 'कला' म्हणून मांडल्या, १९३५ साली आधुनिक कलेच्या संग्रहालयाने मोठे प्रदर्शन भरवले. मेट्रोपॉलिटनमध्ये आफ्रिकी कलेचे दालन उघडायला मात्र १९८२ साल उजाडले. या दालनाची पुन्हा नव्याने मांडणी होऊन २०२५ सालच्या मे महिन्यात ते लोकांसाठी खुले झाले.

दालन मिळाले तरी एक अवघड प्रश्न उरतोच. या वस्तू इथे आल्या कशा? १८९७ साली इंग्रजी फौजेने बेनिनचा राजवाडा लुटला आणि तिथले हजारो पितळी फलक व हस्तिदंती कामे युरोप-अमेरिकेत पांगली. २०२१ साली मेट्रोपॉलिटनने बेनिनचे दोन पितळी फलक नायजेरियाला परत केले. दोनच, हे खरे. पण शिवरायांच्या वाघनखांची बातमी ज्यांनी डोळ्यांत प्राण आणून वाचली, त्या मराठी वाचकाला या दोन फलकांचे मोल वेगळे सांगायला नको.

नवे पाहुणे

आतापर्यंत ज्यांची हकीकत पाहिली त्यांतले पुष्कळ जण शेकडो वर्षांपूर्वी आणलेल्या गुलामांचे वंशज. पण १९८० नंतर आफ्रिकेतून स्वखुशीने पोट भरायला आलेली माणसेही न्यूयॉर्कात वाढली. सेनेगल, माली, गिनी, घाना, नायजेरिया इथली ही मंडळी. हार्लेममधल्या ११६ व्या रस्त्याला तर 'छोटे सेनेगल' हेच नाव पडले. तिथल्या खाणावळींतून मासे, भाज्या आणि टोमॅटो घालून शिजवलेला भात मिळतो. एका मोठ्या परातीभोवती चारपाच जणांनी बसून तो खायचा. २८ जुलैला सेनेगलचे मुरीद पंथी लोक आपले गुरू अमादू बांबा यांच्या स्मरणार्थ कडक खळीचे झगे घालून हार्लेममधून मिरवणूक काढतात. आपल्या लोकमान्यांना जसे मंडालेला धाडले, तसे या साधुपुरुषाला फ्रेंचांनी १८९५ साली गॅबनमध्ये हद्दपार केले होते. सात वर्षांनी ते परतले तेव्हा त्यांचे अनुयायी कैक पटींनी वाढले होते.

नवे आणि जुने यांचे सुरुवातीला फारसे जमले नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. जुन्यांना वाटे, हे कालचे आले आणि आमच्या फुटपाथावर दुकान मांडून बसले. नव्यांना वाटे, यांना आफ्रिकेचा अभिमान पुष्कळ, पण आफ्रिकेतल्या माणसाची ओळख कुठे आहे? १९९४ साली १२५ व्या रस्त्यावरचे फेरीवाले नगरपालिकेने उठवले आणि त्यांतले बरेच ११६ व्या रस्त्यावरच्या बाजारात गेले. १९९९ साली अमादू डियालो या गिनीच्या २३ वर्षांच्या निःशस्त्र फेरीवाल्यावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्या दुःखात मात्र जुने आणि नवे खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले.

या दोघांची खरी ओळख करून देण्याचे काम चित्रपटांनी केले. सिएरा लिओनहून आलेल्या माहेन बोनेटी या बाईंनी १९९३ साली लिंकन सेंटरमध्ये पहिला आफ्रिकी चित्रपट महोत्सव भरवला, तो आजतागायत चालला आहे. सेनेगलच्या उस्मान सेम्बेनसारख्या दिग्दर्शकाची ओळख न्यूयॉर्ककरांना अशाच खेळांतून झाली. सेम्बेन हा मूळचा गोदी-कामगार, मग कादंबरीकार. आपल्या देशातल्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नाही हे पाहून तो सिनेमाकडे वळला. त्याच्या चित्रपटांत सिंह नाहीत, जंगल नाही; मनीऑर्डरचे पैसे मिळवण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारा म्हातारा आहे. असा म्हातारा आपल्या ओळखीचा नाही, असे कोण म्हणेल?

हार्लेममध्ये मलिक अंबर

आणि आता वाचकांना नवल वाटेल अशी गोष्ट. हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावर शॉम्बर्ग केंद्र हे मोठे ग्रंथालय आहे. आर्तुरो शॉम्बर्ग हा पोर्टो रिकोचा. काळ्या लोकांना इतिहासच नाही, असे लहानपणी त्याला शाळेत ऐकवले गेले. त्याने जन्मभर एकच उद्योग केला: आफ्रिकी वंशाच्या माणसांनी लिहिलेली पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे गोळा करणे. १९२६ साली हा संग्रह १०,००० डॉलरना सार्वजनिक ग्रंथालयासाठी विकत घेतला गेला आणि त्यातून हे केंद्र वाढले.

याच केंद्रात २०१३ साली भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर प्रदर्शन भरले: गुलाम म्हणून आलेले, सेनापती आणि राज्यकर्ते झालेले. त्यात अर्थातच मानाचे पान मलिक अंबरचे. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० साली वसवलेली खडकी म्हणजेच नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच्या गनिमी काव्याने मोगल हैराण झाले, त्याने केलेली जमीनधारा पुढे नावाजली गेली, त्याने बांधलेल्या नहरीचे पाणी शतकानुशतके लोक प्याले. आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेला हा माणूस हार्लेमच्या मुलांनी त्या भिंतींवर पाहिला. आपल्या रक्ताचा माणूस साता समुद्रापलीकडे नगरे वसवून गेला, हे त्यांना तिथे कळले. आणि आपला मलिक अंबर कोणाचा तरी हरवलेला भाऊ आहे, हे यानिमित्ताने आपल्याला कळायला हरकत नाही.

शेजाऱ्यांची तक्रार

एवढे सगळे झाल्यावर ढोल निर्धास्त झाला असेल, असे वाटेल. पण तसे नाही. हार्लेममध्ये मार्कस गार्वी पार्क नावाची बाग आहे. १९६९ सालापासून उन्हाळ्यातल्या दर शनिवारी तिथे ढोलवादक जमतात. कोणी आफ्रिकेचे, कोणी कॅरिबियन बेटांवरचे, कोणी हार्लेमचेच. वाटेल त्याने यावे, रिंगणात नाचावे. ज्या काळात संध्याकाळनंतर या बागेत जायला माणसे कचरत, त्या काळात या ढोलांनीच बाग माणसांत आणली, असे जुने लोक सांगतात.

पुढे हार्लेममधल्या जागांचे भाव चढले. बागेसमोर नव्या महागड्या सदनिकांत नवे रहिवासी आले. २००७-०८ च्या सुमारास त्यांनी तक्रार केली: या ढोलांनी आम्हाला झोप नाही, अभ्यास नाही, बोलणेसुद्धा ऐकू येत नाही. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. शेवटी उद्यानखात्याने वादकांना बागेतच जरा दूरची जागा दिली.

आता चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्या आपल्या वाचकांना दोन्ही बाजू कळतील. कामावरून थकून आलेल्या माणसाला निवांतपणा हवा असतो, यात गैर काय? पण ज्या ढोलावर कधी कायद्याने बंदी होती, त्याचा आवाज कोणाला 'आवाज' वाटावा आणि कोणाला आजोबांची हाक वाटावी, हा फरक डेसिबल मोजून मिटणारा नाही. घरभाडे वाढले की, यजमानच घराबाहेर पडतो. आणि मग त्याच्याच अंगणात त्याला "जरा हळू" असे सांगायला पाहुणे मोकळे! हार्लेममधल्या कैक जुन्या कुटुंबांवर ही पाळी आली आहे.

म्हणून वाटते, कधी आपल्यापैकी कोणाची मुले-नातवंडे न्यूयॉर्कात असली आणि आपला मुक्काम मेअखेरीस तिथे पडला, तर गगनचुंबी इमारती पाहून झाल्यावर एक दुपार ब्रुकलिनसाठी राखावी. एक शनिवार हार्लेमच्या बागेसाठी ठेवावा. ढोलवादक बागेच्या आतल्या बाजूला बसतात. शोधावे लागत नाही, आवाजाच्या रोखाने चालत गेले की झाले.